बिनीचे पथक

शाळेत असताना मी दोन वर्षे बिगूल वाजवला आणि तिसऱ्या वर्षी तो माझ्याकडून काढून घेण्यात आला. हकीकत काही अभिमानाने सांगावी अशी नाही; पण ती सांगितल्यावाचून पुढचे कळावयाचे नाही. आमच्या शाळेच्या बँडपथकात चार लहान ढोल होते, एक मोठा होता, सहा बासऱ्या होत्या आणि दोन बिगूल. त्यांतला एक माझा. पंधरा ऑगस्टच्या सकाळी झेंडा वर चढू लागला की सलामी द्यावयाची ती मी. त्या वर्षी मामलेदारसाहेब आले होते, आई पुढल्या रांगेत बसली होती, आणि माझ्या ओठांना काय झाले देव जाणे! वरचा पंचम निघावयाचा तेथे रेडकू हंबरावे तसा काहीतरी आवाज निघाला. पोरे हसली. ड्रिलमास्तर मात्र हसले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले. दुसऱ्या दिवशी बिगूल दुसऱ्या मुलाच्या गळ्यात गेला आणि माझ्या हाती झांजा आल्या.

त्यानंतर साठ वर्षे मी बिगुलाचे नाव काढले नाही. ते काढण्याचा प्रसंग आला तो थेट कॅलिफोर्नियात.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे सांता क्लारा गावी गेलो होतो. अशा ठिकाणी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा दिवस कसा जातो, हे ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना सांगावयास नको. सकाळी सगळी मंडळी कामाला जातात आणि आपण फाटकापर्यंत जाऊन परत येतो. अशाच एका फेरीत शेजारच्या आजीबाईंची ओळख झाली. वय ऐंशीच्या पुढे, पण हात सारखे कामात. त्या आपल्या गाड्याच्या खोलीतील खोकी उपसत होत्या. त्यांतल्या एका खोक्यातून एक टोपी निघाली. ऑस्ट्रेलियन शिपाई घालतात तशी, एका बाजूची कड वर वळवलेली आणि तीवर एक तारा बसवलेला.

"मुलाची," त्या म्हणाल्या. "तो व्हॅनगार्डमध्ये बिगूल वाजवायचा. यंदा पथक निघालंच नाही. महामारीचं साल सोडलं तर मी असा मुका उन्हाळा या गावात कधी पाहिला नाही."

बिगूल म्हटल्याबरोबर मी फाटकाशी थबकलो. त्यांनी आत बोलावले, चहा केला (पाण्यासारखा, पण प्रेमाचा), आणि त्या दुपारपासून मी या पथकाच्या इतिहासाच्या नादी लागलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

*

प्रथम ही चीज काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे बँड म्हटला की लग्नाची वरात तरी आठवते, नाही तर पोलिसांचे संचलन. अमेरिकेत 'ड्रम अँड बिगूल कोअर' म्हणून जो प्रकार आहे तो या दोहोंपेक्षा निराळा. दीडशेवर मुलेमुली, कोणी शाळेतली, कोणी कॉलेजातली, बाविशीच्या आतली. निम्म्याहून कमी पितळी वाद्ये वाजवणारी, काही तालवाद्यांची आणि बाकीची निशाणे, लाकडी बंदुका व तलवारी फिरवणारी. फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटे हे सगळे एकदम चालते. वाजवणारा चालत असतो, कधी धावतही असतो. आणि धावता धावता दीडशे जणांची मिळून एक आकृती होते, मोडते, पुन्हा दुसरी होते. आपल्या लेझमीच्या खेळात जो आनंद आहे त्याच जातीचा हा आनंद. फक्त मैदान फार मोठे आणि हिशेब पावलाचा.

तालवाद्यांची तर मौजच आहे. छोट्या ढोलांचा आवाज आपल्या ताशासारखा कडकडीत. मोठे ढोल निरनिराळ्या आकारांचे. प्रत्येकाच्या गळ्यात एकच ढोल आणि त्याचा एकच सूर. एक धावती लय पाच जणांनी वाटून घ्यावयाची, प्रत्येकाने आपल्या वाट्याचा ठोका नेमका द्यावयाचा आणि ऐकणाऱ्याला वाटावे की एकच माणूस वाजवतो आहे! यातला एक जरी निमिषभर चुकला तरी सगळ्यांची लाज जाते. झांजा वाजवणारा मी, मला हे चांगले समजते.

*

या प्रकाराचा जन्म युद्धातून झाला. पहिले महायुद्ध संपले आणि लाखो अमेरिकन शिपाई घरी परतले. १९१९ साली त्यांची 'अमेरिकन लीजन' ही संस्था निघाली. त्याहून जुनी अशी परदेशी युद्धात लढलेल्यांची आणखी एक संस्था होतीच. गावोगाव या संस्थांच्या शाखा झाल्या. सैन्यातले बिगूल आणि ढोल स्वस्तात मिळत होते, कवायतीची सवय अंगात मुरलेली होती आणि संध्याकाळ रिकामी होती. शिपाईगड्यांनी पथके काढली. वार्षिक अधिवेशनांत पथकांच्या स्पर्धा भरू लागल्या. पुढे त्यांची मुले मोठी झाली, तेव्हा मुलांची पथके निघाली. काही लीजनच्या शाखांनी काढली, काही चर्चने, काही स्काउटांनी.

बिगूल हे वाद्य मोठे हट्टी. त्याला ना भोके, ना कळा. ओठांच्या ताणावर जे सूर निघतील तेवढेच. पंचम, त्यावरचा षड्ज, मग गंधार, मग वरचा पंचम. या चार सुरांत सैन्याला उठवावयाचे, जेवावयास बोलवावयाचे, लढावयास पाठवावयाचे आणि मेलेल्याला निरोप द्यावयाचा. रिषभ, मध्यम वगैरे मंडळींना तेथे दरवाजा बंद. मुलांना मात्र गाणी वाजवावयाची होती. मग बिगुलाला बोटाने दाबावयाची एक कळ आली, पुढे तिच्या जोडीला एक फिरकी आली. एकेक सूर असा वर्षानुवर्षांच्या खटपटीने मिळवावा लागला. १९७७ मध्ये दोन कळांच्या बिगुलांना परवानगी मिळाली, १९९० मध्ये तीन कळांच्या, आणि २००० पासून कोणत्याही पट्टीचे पितळी वाद्य चालेल असे ठरले. चार सुरांपासून पूर्ण सप्तकापर्यंत यावयास ऐंशी वर्षे लागली म्हणा ना!

परीक्षेची रीतही लष्करी. परीक्षक मैदानात मुलांच्या रांगांतून फिरत. पाऊल चुकले, ठोका निसटला, बंदूक तिरकी झाली की हातातल्या कागदावर एक रेघ. एका रेघेला एक दशांश गुण वजा. म्हणजे शंभरापासून सुरुवात करावयाची आणि जो कमी घसरेल तो जिंकला. काय साधले याला गुण नाहीत. काय बिघडले याचीच मोजदाद. ही पद्धत १९८४ साली मोडीत निघाली. आमच्या ड्रिलमास्तरांना हे कळते तर फार वाईट वाटले असते.

*

आता सांता क्लाराकडे येऊ. आज ज्या भागाला सारे जग 'सिलिकॉन व्हॅली' म्हणते, तेथे एकेकाळी फळबागा होत्या. जर्दाळू, चेरी आणि आलुबुखार. वसंतात सारे खोरे पांढऱ्या-गुलाबी मोहोराने भरून जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा तुटू लागल्या आणि त्या जागी घरांच्या रांगा व कारखाने आले. ठिकठिकाणची माणसे नोकरीसाठी येऊन राहिली. शेजार होता, पण गाव म्हणून काही नव्हते.

अशा या उपऱ्यांच्या गावात १९६७ साली सांता क्लारा व्हॅनगार्ड पथक निघाले. 'स्पार्क्स' नावाचे मुलांचे एक पथक आधीपासून होते. त्याच्यातून हे नवे उभे राहिले. इंटेल ही जगप्रसिद्ध कंपनी निघाली १९६८ मध्ये. म्हणजे हे पथक तिच्याहून एक वर्षाने वडील! पहिले चालक गेल रॉयर. मुले त्यांना शेवटपर्यंत 'मिस्टर रॉयर' असेच म्हणत, आणि अमेरिकेत, जेथे नातवंडेही आजोबांना नावाने हाक मारतात, तेथे याचा अर्थ काय तो वाचकांनी ओळखावा. लाल डगला, वळवलेल्या कडेची टोपी आणि टोपीवरचा तारा हा पथकाचा वेश ठरला. तो तारा नव्या मुलाला आपोआप मिळत नाही. तो कमवावा लागतो.

'व्हॅनगार्ड' या शब्दाला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: बिनी. मराठ्यांच्या फौजेत सर्वांच्या पुढे चालणारी ती बिनीची तुकडी आणि तिचा सरदार तो बिनीवाला. पुढे चालण्यात मान असतो तसा पहिला घावही आपल्यावरच यावयाचा असतो. या पथकाने नाव घेतले ते दोन्ही अर्थांनी खरे केले.

पहिला प्रसंग १९७१ चा. तोपर्यंत राष्ट्रीय स्पर्धा भरवणार त्या माजी सैनिकांच्या संस्था. नियम त्यांचे, परीक्षक त्यांचे, बक्षिसेही त्यांचीच. मुलांचा खेळ पाहावयास हजारो लोक तिकीट काढून येत. पण पथकाच्या हाती परतीच्या गाडीभाड्यापुरतेही पडेल याची खात्री नसे. आणि नवे काही करावे तर नियमावर बोट! या म्हाताऱ्या शिपायांचे ऋण मोठे होते, हे कोणी नाकारीत नव्हते. त्यांनीच हा खेळ वाढवला. परंतु बापाने दुकान काढून दिले म्हणून मुलाने आयुष्यभर गल्ल्याला हात लावू नये, असे किती दिवस चालणार?

तेव्हा पाच पथकांच्या चालकांनी एकत्र येऊन ठरवले की यापुढे आपण आपल्या अटींवर वाजवावयाचे. शिकागोचे कॅव्हेलियर्स, मॅडिसनचे स्काउट्स, ला क्रॉसचे ब्लू स्टार्स, वायोमिंगमधील कॅस्परचे ट्रूपर्स आणि सांता क्लाराचे व्हॅनगार्ड. यांतली तीन पथके मध्य-पश्चिमेकडची आणि चौथे कॅस्परचे. कॅलिफोर्नियातून हजारो मैल येऊन त्यांत सामील होणारे व्हॅनगार्ड एकटेच, आणि तेही अवघे चार वर्षांचे. पूर्वेकडील पथकांनीही अशीच जूट केली. दोन्ही मिळून 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या लहानशा गावी तिची पहिली स्पर्धा भरली. पहिला नंबर कॅलिफोर्नियातल्याच अ‍ॅनाहाइमच्या किंग्जमेन पथकाचा आला, दुसरा ब्लू स्टार्सचा आणि तिसरा व्हॅनगार्डचा. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, त्याच मैदानावर व्हॅनगार्डने पहिला क्रमांक घेतला. १९७४ साली पुन्हा घेतला.

*

त्यापुढील विजयांची यादी वाचकांना कंटाळा आणील, म्हणून एका वाक्यात सांगतो: १९७८, १९८१, १९८९, १९९९ आणि २०१८, पहिले दोन धरून एकूण सात. परंतु माझ्या मते यादीपेक्षा मोठी गोष्ट अशी की, १९७२ पासून २०२२ पर्यंत जितक्या अंतिम फेऱ्या झाल्या त्या प्रत्येक फेरीत हे पथक होते. असे दुसरे पथक नाही. विजय एखाद्या पिढीला मिळतो. सातत्य मिळावयास अनेक पिढ्या एकमेकींच्या हातात हात द्याव्या लागतात.

आजीबाईंना मात्र या आकड्यांत रस नव्हता. त्या बाटल्यांच्या नाचाबद्दल बोलत. 'फिडलर ऑन द रूफ' हे रशियातील एका गरीब ज्यू गवळ्याच्या कुटुंबावरचे संगीत नाटक १९६४ साली न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले. त्यात लग्नाच्या प्रसंगी पुरुषमंडळी डोक्यावरच्या टोप्यांवर बाटल्या तोलीत नाचतात. सत्तरच्या दशकात व्हॅनगार्डने हे संगीत उचलले आणि नाचही मैदानावर आणला. हातात हात गुंफून मुलांची रांग गुडघ्यांवर येते, पुढे सरकते, आणि टोपीवरची बाटली तशीच. लोकांनी तो इतका डोक्यावर घेतला की पथकाची ती खूणच होऊन बसली. लष्करी कवायतीतून निघालेल्या खेळात लग्नाचा नाच शिरला, यातच खेळ किती बदलला ते आले.

बदलाचे श्रेय अनेकांचे. तालवाद्यांची रचना करणाऱ्या फ्रेड सॅनफर्ड यांनी ढोलांना नुसत्या ठोक्यातून बाहेर काढून बोलते केले. पीट एमन्स यांनी कवायतीची आकृती डावी-उजवी सारखी असलीच पाहिजे हा दंडक मोडला. तोपर्यंत मैदानाच्या मधोमध आरसा धरावा तशा आकृत्या होत. त्या मोडून मुले वाहत्या पाण्यासारखी फिरू लागली.

१९८७ साली दुसरा नंबर, १९८८ सालीही दुसरा. त्या वर्षी 'फँटम ऑफ द ऑपेरा' या नाटकाचे संगीत घेतले होते. दुसरे कोणी असते तर विषय बदलते. यांनी १९८९ साली तोच विषय पुन्हा घेतला, घासूनपुसून लख्ख केला, आणि शेवटी सारे पथकच प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दिसेनासे होण्याची करामत करून कॅन्सस सिटीच्या मैदानावर पहिले आले. १९९२ हा रॉयर यांचा चालक म्हणून शेवटचा हंगाम. त्या वर्षी पथकाने पुन्हा 'फिडलर' वाजवले. पंचवीस वर्षे एका माणसाने एक काम केले आणि निरोपाला बाटल्यांचा नाच मागितला! त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

१९९९ सालची गंमतही सांगितलीच पाहिजे. त्या वर्षी व्हॅनगार्ड आणि काँकर्ड गावचे ब्लू डेव्हिल्स यांचे गुण अगदी बरोबरीचे झाले आणि विजेतेपद दोघांत वाटले गेले. ही दोन गावे एकाच उपसागराच्या काठची. इतक्या मोठ्या देशातून पथके येतात, आणि अखेर दोन शेजारी समान गुणांवर उभे राहतात!

*

आता त्या मुक्या उन्हाळ्याकडे वळतो.

असे पथक चालवावयास पैसा किती लागत असेल याची कल्पना येण्यासाठी एवढेच ध्यानात घ्या: जूनपासून ऑगस्टपर्यंत दीडशेवर मुले आणि त्यांचे शिक्षक देशभर फिरतात. बसगाड्या, वाद्यांचे मोठे ट्रक आणि एक चालते स्वयंपाकघर. रात्री प्रवास, मग एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप, उठून दिवसभर सराव, संध्याकाळी खेळ, पुन्हा बस. मुलांना पगार नाही. उलट मुलेच फी भरतात. तीवर भागत नाही. व्हॅनगार्डने यावर शोधलेला उपाय आपल्याकडच्या क्लबातल्या हाउझीचा: बिंगो. आकडे पुकारावयाचे, लोकांनी चिठ्ठीवर खुणा करावयाच्या. वर्षानुवर्षे रात्री आईबाप तेथे उभे राहून चिठ्ठ्या विकत, आणि त्यावर ट्रकांत तेल पडे.

२०२० साली महामारी आली. त्या वर्षीचा सबंध हंगाम रद्द झाला. २०२१ साली पथके निघाली, पण स्पर्धा झाली नाही. चार माणसांनी एका दालनात जमणे बंद, तेथे बिंगो कोठला? इकडे महागाई वाढली. २०२२ साली व्हॅनगार्ड पुन्हा मैदानात आले आणि अंतिम फेरीतही गेले. पण आतून ओढाताण चालली होती. अखेर चालकांनी जाहीर केले की २०२३ साली पथक दौऱ्यावर जाणार नाही. अर्धशतकाची अखंड साखळी तुटली. ती कोणा प्रतिस्पर्ध्याने तोडली नाही, परीक्षकाच्या रेघेने तोडली नाही. हिशेबाच्या वहीने तोडली.

आजीबाई म्हणाल्या, "लोकांना वाटतं, पथक म्हणजे मैदानावर दिसतं ते. मी बावीस वर्षं त्या ट्रकमध्ये कांदे चिरले. मैदान मी फारसं पाहिलंच नाही." त्या बोलल्या त्यात तक्रार नव्हती. मला मात्र आमच्या शाळेतली ती पंधरा ऑगस्टची सकाळ आठवली. माझा गणवेश आदल्या रात्री आईने तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. बिगूल चिंच लावून वडिलांनी घासला होता. माझा सूर चुकला याचेच दुःख मी साठ वर्षे धरून बसलो. त्या इस्त्रीची आणि त्या चिंचेची आठवण एकदाही काढली नाही. पथकातून मी गेलो; ते दोघे मात्र तसेच होते. धाकटा भाऊ पुढे ढोल वाजवू लागला, तेव्हा त्याच्याही कपड्यांना तीच इस्त्री.

२०२४ साली पथक परत आले. योगायोगाने त्या उन्हाळ्यातही मी मुलीकडे होतो. एका शनिवारी सकाळी आजीबाईंनी फाटकावरूनच हाक मारली. गुडघ्यांमुळे त्यांना आता उभे राहवत नव्हते. पण सराव होता तेथे जेवणासाठी हात हवे होते. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला? घरी कधी कांदा चिरलाय का?" चिरला नव्हता. त्या दिवशी चिरला. एक पोतेभर चिरला. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्याचे कारण विचारावयास तेथे कोणालाच सवड नव्हती.

दूर मैदानावर पोरे वाजवीत होती. मध्येच एका मुलाचा सूर चिरकला. कोठल्याही पट्टीत न बसणारा, थेट माझ्या जातीचा. मी सुरी थांबवून कान दिला. शिक्षक काहीतरी बोलले, पावले पुन्हा मागे गेली, ठोका पडला आणि तोच तुकडा पहिल्यापासून सुरू झाला. या खेपेला सूर लागला. बिगूल अजून त्याच मुलाच्या हातात होता.

बाराचा सुमार झाला होता. ट्रकमधून कोणीतरी ओरडले, "कांदे झाले का?" मी घाईघाईने हात चालवू लागलो.